ध्यानाच्या संशोधनाला निधी आहे, आपली मुले कुठे आहेत?



कॅम्प नं. १ पासून बदलापूरपर्यंत आपल्या विहारांत ध्यानाला बसणारे पुष्कळ. पण ध्यानाने शरीरात काय घडते, ते तपासणारे आपल्यात थोडेच. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली बौद्ध ध्यानाच्या आधारे जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग काढले, त्यांवर पुढे खूप संशोधन झाले. आपल्या इगतपुरीत १९७६ पासून विपश्यना शिबिरे भरतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१५ मध्ये ‘सत्यम’ योजना काढून योग व ध्यानाच्या संशोधनाला निधी दिला.

असा निधी मिळवायचा तर आधी संशोधक व्हावे लागते. एम.एस्सी. झालेल्या मुला-मुलींनी पीएच.डी.चा विचार करावा. पुण्याची ‘बार्टी’ अनुसूचित जातींच्या, नवबौद्धांसह, संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, जातीचा दाखला तयार ठेवा.

आणखी एक. ध्यान जरूर करा, पण त्यासाठी टीबीची, बीपीची, साखरेची गोळी बंद करू नका. कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा उपदेश प्रयोगशाळेत नेणारी लेकरे आपल्याच चाळींतून निघावीत, एवढीच आमची इच्छा.

जयभीम!