डिजिटल केलंय ना, मग टाकून द्या!

मंडळी, माळा साफ करायला काढला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "त्या व्हिडिओ कॅसेट्स कशाला ठेवल्यात? डिजिटल केलंय ना, मग टाकून द्या!" ठाण्या-डोंबिवलीत सध्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. त्यामुळे हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि कॅसेट्स भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. आमचे नातेवाईकही हा ब्लॉग वाचतात, म्हणून स्पष्टच लिहितो. हे वाक्य साफ चुकीचं आहे.

पहिला प्रश्न. डिजिटल केलंय म्हणजे नेमकं काय केलंय? २००० सालाच्या आसपास बहुतेकांनी दुकानात कॅसेट देऊन व्हीसीडी करून घेतली. आपल्याकडच्या त्या काळच्या टीव्हीचं चित्र ५७६ रेषांचं. व्हीसीडीत उरतात २८८. कॅसेटवर हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली असते, व्हीसीडीत ती २५ वर येते. लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात त्यात धुरकट का दिसतात, ते आता कळलं ना? शिवाय एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो आणि कॅसेट असते तीन तासांची. मग कात्री लागतेच.

माझ्याकडे आमच्या शाळेच्या १९९२ च्या स्नेहसंमेलनाची कॅसेट आहे. त्यात आमचे संगीताचे सर वीस मिनिटं पेटी वाजवतात. सर आता नाहीत आणि त्यांचं दुसरं ध्वनिमुद्रण कुठेही नाही. एका दुकानदाराने व्हीसीडी करून दिली, तीत बक्षीस समारंभ सगळा आहे, पेटी मात्र नाही. "कंटाळवाणा भाग काढून टाकला, सर!" असं त्याने वर कौतुकाने सांगितलं. कॅसेट ठेवली होती म्हणून सरांची पेटी आजही आहे.

कुणी म्हणेल, हा घरगुती मामला झाला. बरं, जपानकडे बघा. तिथल्या एनएचकेने डिजिटल युगाच्या आधीच ११२५ रेषांचं हाय-डेफिनिशन चित्र दाखवलं होतं. १९९० च्या दशकात ते घरी मुद्रित करायला डब्ल्यू-व्हीएचएस नावाची कॅसेट निघाली. आकार आपल्या साध्या कॅसेटइतकाच, पण साध्या व्हीसीआरवर ती चालत नाही. २००७ मध्ये ते प्रसारण बंद झालं. आज ती यंत्रं दुर्मिळ आहेत. ज्याने त्या कॅसेटची साधी प्रत काढून मूळ फेकलं, त्याने ते सुंदर चित्र कायमचं घालवलं. ज्याने मूळ ठेवलं, त्याला चांगलं यंत्र मिळालं तर आजही ते सगळं परत मिळू शकतं. प्रत त्या त्या काळाच्या कुवतीइतकीच चांगली निघते, म्हणून मूळ ठेवायचं असतं. जुन्या पोथीची नक्कल केली म्हणून आपण पोथी चुलीत घालतो का?

आता दुसरी बाजू. कॅसेट काही अमर नाही. फितीवरचा चुंबकीय थर ज्या द्रव्याने चिकटवलेला असतो, ते दमट हवेत ओलावा शोषून सैल पडतं. आपल्या पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच. यंत्रंही संपत आली. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयाने तर २०२५ हीच फितींची अखेरची मुदत सांगितली होती. म्हणजे चांगली प्रत आत्ताच काढायला हवी, आणि मूळही ठेवायला हवं. दोन्ही!

हे एकट्यादुकट्याचं काम नाही, हे मला मान्य आहे. पण कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. लोकांनी वर्गणी काढून, पुस्तकं देऊन अशा संस्था उभ्या केल्या. मग प्रत्येक शहरात एका तरी ग्रंथालयात एक कोरडी खोली, दोन चालू व्हीसीआर आणि ते चालवणारा एक माणूस का असू नये? डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. तेव्हाच्या रस्त्यांची, गर्दीची, व्याख्यानांची, शाळांच्या संमेलनांची चित्रणं लोकांच्या घरातच सापडतील. आपल्या गावाचा इतिहास तो हाच.

तोवर एवढं तरी करा. कॅसेट्स तापणाऱ्या माळ्यावरून खाली आणा. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. वर नाव आणि साल लिहा. कडेची प्लास्टिकची टिकली तोडा, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसली तर यंत्रात मुळीच घालू नका.

आणि कुणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल, तर भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.