रुग्णालयाच्या अलीकडचे आरोग्य

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतील बळ हरपणाऱ्या गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पुढे संशयितांची संख्या दोनशेपलीकडे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला व संशय पाण्याकडे वळला.

आरोग्यसेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया व परिणाम या तीन अंगांनी पारखावी, असे अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 साली मांडले. त्यांचा विषय वैद्यकीय सेवा होता. परंतु हा निकष नळालाही लागू पडतो, असे आम्हांस वाटते. अतिदक्षता विभागातील रुग्ण हा परिणाम. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे की नाही हे रोज तपासणे, ही प्रक्रिया. जलशुद्धीकरण केंद्र ही रचना. नांदेड व किरकटवाडी 2021 मध्ये महापालिकेत आली. शुद्धीकरणाचा प्रश्न मात्र मागे राहिला.

साथ आली की आपण परिणाम मोजतो आणि दोषी कोण ते शोधतो. नेतृत्वाची खरी कसोटी त्याआधीच लागते. क्लोरीन कमी भरल्याचे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांनी दटावले, तर पुढच्या वेळी नोंदवहीत आकडा बरोबर येईल. पाणी तसेच राहील. त्याचे ऐकून कारण शोधणारा अधिकारी रुग्णालयातील कित्येक खाटा रिकाम्या ठेवू शकतो.

आपल्या वस्तीतील क्लोरीनच्या नोंदी वाचकांनी क्षेत्रीय कार्यालयाकडे अवश्य मागाव्यात.