कार-टी थेरपी भारतात आली, स्वस्तही झाली. पण नेमकी कोणासाठी?

कॅन्सरवर भारतीय औषध आलंय, एकदाच घ्यायचं आणि आजार गायब, अशा अर्थाचा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. मेसेज पूर्ण खोटा असता तर सोपं होतं. अडचण अशी की त्यात बरंच खरं आहे. पण ज्याच्या घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, त्याला त्या मेसेजमध्ये सुटलेल्या गोष्टीच जास्त कामाच्या आहेत.

आधी खरं काय ते बघू. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत नेक्सकार-१९ या उपचाराचं लोकार्पण केलं. आयआयटीचे प्राध्यापक राहुल पुरवार यांची टीम, टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर आणि त्यातून उभी राहिलेली इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी, असं हे काम. ऑक्टोबर २०२३ मध्येच त्याला केंद्रीय औषध नियामकाची परवानगी मिळाली होती. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीनेही कार्टेमी नावाची आपली कार-टी थेरपी आणली. म्हणजे भारतात अशा दोन थेरपी आल्या.

पण दोन्ही सगळ्या कॅन्सरवर चालत नाहीत. त्या चालतात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या काही कॅन्सरवर. या पेशी गाठींमध्ये बेसुमार वाढल्या की लिम्फोमा आणि हाडांच्या मगजात वाढून रक्तात उतरल्या की लिम्फॉइड ल्युकेमिया, अशी ढोबळ विभागणी. लिम्फोसाइटमध्ये मुख्यतः बी आणि टी असे दोन प्रकार असतात. बी पेशी अँटिबॉडी बनवतात, टी पेशी बिघडलेल्या पेशी शोधून मारतात. बहुतेक लिम्फोमा बी पेशींचे असतात.

यात केलं काय जातं?

रुग्णाचं रक्त मशीनमधून फिरवून त्यातल्या टी पेशी वेगळ्या काढतात. लॅबमध्ये, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, त्या पेशींमध्ये एक नवं जनुक घातलं जातं. त्यामुळे पेशीच्या अंगावर एक नवा 'हुक' उगवतो. हा हुक बी पेशींवरच्या सीडी-१९ नावाच्या प्रथिनाला बरोबर पकडतो. अशा पेशींची संख्या वाढवून त्या सलाईनसारख्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. त्याआधी काही दिवस थोडी केमोथेरपी द्यावी लागते, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. 'केमोची गरजच नाही' असं कोणी सांगत असेल तर ते इथेच चुकतं.

मग हेच स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरवर का नाही? कारण सीडी-१९ चांगल्या बी पेशींवरही असतं. हल्ल्यात त्याही मरतात. पण बी पेशींशिवाय माणूस जगू शकतो. इन्फेक्शनचा धोका वाढतो, गरज पडली तर बाहेरून अँटिबॉडी देता येतात. फुफ्फुस किंवा यकृताच्या बाबतीत अशी चांगल्या-वाईटाची सरमिसळ परवडणारी नाही. गाठीच्या कॅन्सरवर असं सुरक्षित लक्ष्य सापडत नाही, हे तिथल्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक.

रिझल्ट काय सांगतात?

नेक्सकार-१९ च्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी' या नियतकालिकात आले. एकूण ६४ रुग्ण. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचाराला प्रतिसाद मिळाला. हे सगळे असे रुग्ण होते, ज्यांचा आजार आधीच्या उपचारांनंतर उलटला होता किंवा त्यांना दादच देत नव्हता. अशा टप्प्यावर ७३ टक्के हा आकडा छोटा नाही.

बातम्या बहुतेक इथेच थांबल्या. पण प्रतिसाद मिळणं आणि बरं होणं यात फरक आहे. आजार पुन्हा न वाढता गेलेला मध्यकाल काही महिन्यांचाच होता, ल्युकेमियात साधारण सहा आणि लिम्फोमात चार. काहींना याहून बराच जास्त काळ मिळाला, काहींना कमी. शिवाय दोन मृत्यू उपचाराशी संबंधित होते. टी पेशी एकदम पेटून उठल्या की तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो, म्हणून आयसीयूची तयारी ठेवूनच हे करावं लागतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये कार-टी उपचारांवर आणखी एक इशारा छापायला लावला: क्वचित काही रुग्णांत टी पेशींचाच नवा कॅन्सर होऊ शकतो.

मग काही महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटू शकतं. इथे थोडं मागे जाऊ, कारण ती गोष्ट मुंबईतून सुरू होते. १९३० च्या सुमारास लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईतल्या गरोदर बायकांच्या, त्यातही गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयावर काम करत होत्या. यीस्टच्या अर्कातल्या ज्या घटकाने त्या बायका सुधारल्या, तो पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना वाटलं की फॉलिक अ‍ॅसिडने ल्युकेमिया उलट वाढतो, तर मग त्याला अडवणारं औषध देऊन पाहू. ती औषधं पुरवली येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने. १९४८ मध्ये फार्बर यांनी निकाल छापले: मुलं सुधारली, पण काही महिन्यांसाठीच. त्याच कुटुंबातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात दिलं जातं. इतर औषधांच्या जोडीने, कित्येक दशकं क्रम आणि डोस बदलत बदलत, श्रीमंत देशांमध्ये या आजाराची ९० टक्क्यांच्या आसपास मुलं आता बरी होतात. तेव्हा पहिला आकडा कमी आहे म्हणून कार-टीला मोडीत काढणंही घाईचं होईल.

आणि खर्च?

अमेरिकेत २०१७ मध्ये पहिली कार-टी थेरपी आली तेव्हा तिची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, तेव्हाच्या हिशोबाने तीन कोटींच्या वर. भारतातली थेरपी साधारण ३० ते ४० लाखांत सांगितली जाते. जवळपास दहापट स्वस्त, आणि हे यश खरंच मोठं आहे. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये एका कुटुंबाला वर्षाला मिळणारं संरक्षण पाच लाखांचं आहे. वरचे पैसे जमीन विकून, नाहीतर ऑनलाइन मदत मागून उभे करायचे. त्यात आयसीयू, औषधं, मुंबईत राहण्याचा खर्च वेगळा. म्हणून 'स्वस्त' हा शब्द अमेरिकेच्या तुलनेत वाचायचा, सोलापूरच्या शेतकऱ्याच्या तुलनेत नाही.

शिवाय नेक्सकार-१९ ची परवानगी १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी आहे. गंमत म्हणजे भारतातली पहिली कार-टी ४ जून २०२१ रोजी नवी मुंबईत टाटा मेमोरियलच्याच खारघर केंद्रात दिली गेली, ती चाचणीचा भाग म्हणून एका लहान रुग्णाला.

मुलांसाठी खरी मोठी बातमी वेगळीच आहे, आणि ती फारशी कोणी फॉरवर्ड केली नाही. ब्लिनाटुमोमॅब हे औषध लॅबमध्ये पेशी न बदलता रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींना थेट सीडी-१९ शी जोडून देतं. डिसेंबर २०२४ मध्ये १,४४० मुलांच्या चाचणीचे निकाल आले. नव्यानेच निदान झालेल्या, कमी-मध्यम धोक्याच्या मुलांना केमोसोबत हे औषध दिलं, तर तीन वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं. आजार उलटायची वाट न पाहता सुरुवातीलाच दिलेलं औषध, हा यातला मुद्दा. तेही महागच आहे.

तोवर गाठ आली तर?

आपल्याकडे बरेच रुग्ण मुळात उशिरा पोहोचतात, आणि त्याचं एक कारण टीबी आहे. मानेतली गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं. ही यादी टीबीचीही आहे आणि लिम्फोमाचीही. टीबी जास्त दिसतो, म्हणून अनेकदा पक्कं निदान न करताच त्याच्या गोळ्या सुरू होतात आणि काही महिने जातात. हॉजकिन लिम्फोमासारखा आजार नेहमीच्या, जुन्या केमोने बहुतेकांचा बरा होतो. तिथे हे महिने फार महाग पडतात.

सुईने काढलेला नमुना लिम्फोमासाठी अनेकदा पुरत नाही. शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून तपासावी लागते, आणि नेमका प्रकार ठरवायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही पुढची तपासणी. टीबीच्या गोळ्या चालू असूनही गाठ वाढत असेल, तर गोळ्या परस्पर बंद करू नका, पण 'बायोप्सी झाली आहे का, रिपोर्टमध्ये टीबी नक्की दिसला का' हे डॉक्टरांना विचारा. आणि बायोप्सीच्या आधी कोणी स्टिरॉइड सुरू करत असेल तर दोनदा विचारा. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ काही दिवस विरघळल्यासारखी होते, घरचे खूश होतात, आणि तपासायला मात्र हाती काही उरत नाही.