‘मजा येत नाही’ ही तक्रार कोणाची?

“आपला संघ जिंकतो, पण बघायला मजा येत नाही.” फुटबॉलवर बोलणाऱ्या आपल्याकडच्या पोरांचं हे आवडतं वाक्य झालंय. हरल्यावर माणूस चिडतो, ते समजू शकतं. पण १-० ने जिंकल्यावरही नाक मुरडायचं, हा नवाच प्रकार आहे. मला तो मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगायला हवं.

हातखंब्याचा तिठा सगळ्यांना ठाऊक आहे. इथून एक रस्ता रत्नागिरीत उतरतो, दुसरा संगमेश्वर, चिपळूण करत मुंबईला जातो. तिसरा पालीला जाऊन फुटतो. त्याचा एक फाटा लांजा, राजापूरवरून गोव्याला जातो, दुसरा आंबा घाट चढून कोल्हापूरला. मुंबई, गोवा आणि कोल्हापूर या तिन्ही गावांत फुटबॉल मुरलेला आहे. आपण मात्र तिघांच्या मधोमध बसून उसन्या संघावर जीव लावतो. ज्याचे भाऊबंद मुंबईत त्याचा संघ मुंबई सिटी, ज्याला गोवा जवळचा त्याचा एफसी गोवा. आखातात नोकरी करून आलेल्यांचा आणखी एखादा इंग्लिश क्लब असतो. उसना संघ असण्यात गैर काहीच नाही. मात्र उसन्या संघाला माणूस लवकर कंटाळतो, आणि वादाचं मूळ तिथेच आहे.

मुंबई सिटीचंच बघा. मे २०२४ मध्ये त्यांनी कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात जाऊन ३-१ ने आयएसएलचा चषक उचलला. पुढच्या हंगामात गोल कमी झाले आणि मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत बंगळुरूने त्यांना ५-० असं उडवलं. मग कुजबुज सुरू झाली की खेळ बेचव झालाय, लोबेराच्या काळातली ती मजा राहिली नाही.

म्हणून लोबेराच्याच काळाबद्दल बोलू. स्पेनचे सर्हिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोव्याचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली गोवा जे खेळला ते खरोखर देखणं होतं. मागून पास देत चढाई व्हायची, कोरोमिनास गोलवर गोल करायचा. पण मार्च २०१९ च्या अंतिम सामन्यात, मुंबईतच, बंगळुरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत एका कॉर्नरवर डोकं लावलं आणि चषक गेला. जानेवारी २०२०च्या अखेरीस गोवा गुणतक्त्यात वर असतानाच क्लबने लोबेरांना निरोप दिला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा ठरला तो याच हंगामाच्या जोरावर.

लोबेरा मग मुंबईला आले. २०२०-२१ मध्ये मुंबई साखळीत अव्वल आली आणि चषकही जिंकली. आज लोक त्या संघाची आठवण ‘काय मजा होती’ म्हणून काढतात. पण त्याच हंगामातला उपांत्य सामना आठवतो का? समोर गोवाच होता. पहिला सामना २-२ असा सुटला. दुसऱ्यात जादा वेळ धरून १२० मिनिटं झाली तरी एकही गोल नाही. शेवटी पेनल्टीवर मुंबई ६-५ ने निसटली. पुढे १३ मार्च २०२१ ला बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मोहन बागानला हरवलं, तो गोल सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याआधीची १२० मिनिटांची कोंडी मात्र विसरली गेली. आणि ती कोंडी सोसली नसती, तर बिपिनचा गोल झालाच नसता. देखण्या संघालाही कधीतरी दात-ओठ खाऊन तग धरावा लागतो. आपण आठवणीत फक्त मलई ठेवतो आणि तिची तुलना आजच्या अख्ख्या दुधाशी करतो.

दुसरा मुद्दा बचावाचा. फुटबॉलमधला बचाव कंटाळवाणा वाटतो म्हणणारा हाच मुलगा संध्याकाळी कबड्डीचा सामना बघायला जातो. तिथे तो फक्त चढाईला टाळ्या वाजवतो का? नाही. कोपऱ्यातल्या गड्याने चढाईपटूचा घोटा धरला, बाकीच्यांनी साखळी करून त्याला आडवा केला की अख्खं मैदान उठून उभं राहतं. पकडीतली अक्कल, वेळ साधणं, एकमेकांवरचा विश्वास हे कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. मग फुटबॉलमध्ये चार बचावपटू एका ओळीत सरकतात, समोरच्याला हळूहळू कोपऱ्यात ढकलतात, तेव्हा डोळे का मिटतात? कारण सरळ आहे. कबड्डी आपण खेळून शिकलो आणि फुटबॉल पडद्यावर पाहून. तेही बहुतेकदा तीस सेकंदांच्या तुकड्यांत. त्या तुकड्यात गोल असतो. गोल होऊ न देणारा माणूस त्यात कधीच नसतो.

तिसरी गोष्ट मोहल्ल्यातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिली आहे. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्को स्पेनविरुद्ध उतरला. स्पेनने हजाराहून जास्त पास दिले. मोरोक्को मागे थांबला, रेटत राहिला, १२० मिनिटं ०-०. पेनल्टीवर बुनूने स्पेनला एकही गोल करू दिला नाही आणि हकीमीने अलगद चेंडू उचलून सामना संपवला. पुढे पोर्तुगाललाही १-० ने घरी पाठवलं. उपांत्य फेरीपर्यंत पाच सामन्यांत मोरोक्कोवर एकच गोल झाला होता, तोही स्वतःच्याच खेळाडूकडून. त्या रात्री कोणी म्हणालं का, की बघायला मजा आली नाही? उलट दर मिनिटाला जीव टांगणीला लागला होता. उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब देश होता, आणि आपण त्याला आपला मानला होता.

म्हणजे हिशेब उघड आहे. सामना ज्याच्यासाठी जिव्हाळ्याचा, त्याला ०-० मध्येही श्वास घ्यायला फुरसत नसते. ‘मजा येत नाही’ हे वाक्य संघाबद्दल थोडं सांगतं आणि बोलणाऱ्याच्या नात्याबद्दल जास्त. तो चाहता राहिलेला नाही, गिऱ्हाईक झालाय. गिऱ्हाइकाला माल आवडला नाही की तो दुसऱ्या दुकानात जातो.

कोल्हापुरात असं होत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस यांचे सामने असतात, तेव्हा पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तिथे संघ निवडायचा नसतो, तो पेठेबरोबर, तालमीबरोबर मिळतो. या निष्ठेचा अतिरेक होऊन हाणामाऱ्याही झाल्या आहेत, आणि त्याचं समर्थन कोणी करू नये. पण वाईट खेळला म्हणून तिथे कोणी तालीम बदलत नाही. तो स्टँडवरून शिव्या घालतो आणि पुढच्या सामन्याला पुन्हा येतो.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू. ‘तिकीट आम्ही काढतो, वेळ आम्ही देतो, मग चांगला खेळ मागू नये का?’ जरूर मागावा. १९८२ चा ब्राझील इटलीकडून ३-२ ने हरला, तरी जग त्याची आठवण काढतं, हेही खरं. पण १९९४ मध्ये चषक उचलला तो दुंगाने. त्याच्या आधीच्या संघाला त्याचंच नाव लावून ब्राझीलमध्ये हिणवलं गेलं होतं. चोवीस वर्षं वाट पाहिलेल्या त्या देशाला विचारा, चषक नकोसा झाला होता का.

मुद्दा असा की मागणी कसली करायची, हे ठरवा. संघ भ्याला असेल तर म्हणा भ्याला. गोल खाल्ल्यावरही कोणी धावत नसेल, पुढे काय करायचं हेच अकरा जणांना माहीत नसेल, तर प्रशिक्षकाला जाब विचारा. तो चाहत्याचा हक्क आहे. पण ठरवून, मेहनतीने, एकमेकांना सांभाळत केलेल्या बचावाला ‘बेचव’ म्हणणं ही टीका नाही. ते आळशी बघणं आहे.

याची किंमत कोण मोजतं? आपलीच पोरं. पावसाळ्यात आपल्याकडे चिखलात नाहीतर सड्यावरच्या गवतात फुटबॉल चालतो. कातळावर चेंडू वेडावाकडा उडतो, गालिच्यावरचे पास तिथे जमत नाहीत. तिथे पाय रोवून उभा राहणारा, चेंडू अंगावर घेणारा पोरगाच संघ वाचवतो. आणि नेमकं त्यालाच आपण हसतो, “नुसता लाथाडतोय” म्हणतो. मग सगळ्यांना पुढे खेळायचं असतं, गोलात उभं राहायला रडून-भांडून सर्वांत लहान पोराला ढकललं जातं.

आणि मोठी किंमतही आहे. जुलै २०२५ मध्ये आयएसएल थांबवल्याचं जाहीर झालं, कारण संघटना आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा ठरला नव्हता. नेहमीच्या वेळी हंगाम सुरूच झाला नाही. क्लबांनी काम थांबवलं, खेळाडूंच्या पगारावर गदा आली. खेळ देखणा आहे की नाही यावर तासन्‌तास भांडणारे आपण, खेळच बंद पडला तेव्हा किती बोललो? मजेसाठी आलेली माणसं अशा वेळी उपयोगाची नसतात. ती दुसरं काहीतरी बघायला गेलेली असतात.

शैलीवर वाद घाला, खुशाल घाला. फक्त आधी पूर्ण नव्वद मिनिटं बघा. वर्षातून एकदा तरी अंधेरीला, फातोर्ड्याला किंवा शाहू स्टेडियमला तिकीट काढून जा. तेही जमत नसेल तर तालुक्यातल्या सामन्याच्या कडेला उभे राहा आणि मागे खेळणाऱ्या पोराने चेंडू अडवला की त्यालाही टाळी द्या. एवढं केल्यावर संघ कंटाळवाणा वाटला, तर ती तक्रार मी निमूट ऐकून घेईन.