सहा अपाची आणि थरची वाळू

अमेरिकेकडून घेतलेली सहा अपाची हेलिकॉप्टर्स अखेर लष्कराच्या हातात आली. पहिली तीन जुलै २०२५ मध्ये, उरलेली तीन डिसेंबरात. करार फेब्रुवारी २०२० चा. जोधपूरला त्यांच्यासाठी ४५१ स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्येच उभी केली होती, म्हणजे वर्षभराहून जास्त काळ माणसं तयार आणि हेलिकॉप्टरचा पत्ता नाही. या उशिरावर भरपूर लिहून झालंय. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी या सहांपैकी उडायला तयार किती असतील?

कारण जोधपूर म्हणजे थरचं दार. इथली वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, आणि क्वार्ट्झ टायटॅनियमपेक्षा कठीण असतं. हेलिकॉप्टर खाली उतरताना स्वतःच धुळीचा लोट उठवतं आणि तीच हवा इंजिनात ओढतं. विमानाचं तसं नसतं, त्याला साफ धावपट्टी मिळते.

अपाचीच्या टी-७०० इंजिनाच्या तोंडाशीच वाळू वेगळी करायची सोय आहे. एसटी घाटात जोरात वळली की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना, तसंच. आत येणाऱ्या हवेला गरगर फिरवतात, जड कण कडेला फेकले जातात आणि एक पंखा त्यांना बाहेर टाकतो. हवा मात्र सरळ आत जाते. जाळी नाही, त्यामुळे तुंबायची भानगड नाही.

पण ही युक्ती मोठ्या कणांवर चालते. पिठासारखी बारीक धूळ हवेबरोबरच वळते आणि आत पोचते. तिथे ती कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवते. त्याहून वाईट म्हणजे ज्वलनकक्षाच्या उष्णतेत ती वितळते आणि पुढच्या टर्बाइनवर काचेसारखी चिकटते. टर्बाइनची पाती थंड ठेवायला बारीक भोकं असतात, ती बुजतात. मग गाळणी लावा की, असं तुम्ही म्हणाल. लावतातही. पण गाळणी भरत जाते तशी इंजिनाची ताकद खाते, आणि उन्हाळ्यात ताकद आधीच कमी असते. तापलेली हवा विरळ होते. जोधपूरजवळच्या फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा हवेत इंधन आणि क्षेपणास्त्रं पोटभर घेऊन उडता येत नाही.

वरच्या मोठ्या पात्यांची कथा तर अजून मजेशीर आहे (देखभाल करणाऱ्याला नसेल वाटत). त्यांची टोकं सेकंदाला २०० मीटरहून जास्त वेगाने फिरतात. समोरच्या कडेला धातूची पट्टी असते, तिच्यावर वाळू आदळून रात्री ठिणग्यांचं कडं दिसतं. फोटो सुंदर येतो, पण ती धातू झिजतानाची ठिणगी असते. पट्टी वाचवायला वरून पॉलियुरेथेनची टेप लावतात. ती रबरासारखी असल्याने वाळूचा मारा झेलते, मात्र पावसाच्या थेंबांनी लवकर फाटते. म्हणजे जूनमध्ये आंधी आणि पाऊस पाठोपाठ आले की टेप लावणाऱ्यांची पंचाईत.

इंजिन वेळोवेळी आतून धुवावं लागतं, तेही क्षार नसलेल्या पाण्याने. थरमधलं भूजल बऱ्याच ठिकाणी खारट. तेव्हा तळावर पाणी शुद्ध करायचा प्लांटसुद्धा क्षेपणास्त्राइतकाच युद्धसामग्रीत धरायला हवा, असं माझं मत आहे.

ही नुसती वर्कशॉपची कटकट नाही. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेने आठ हेलिकॉप्टर्स पाठवली. पुढे जायला कमीत कमी सहा हवी होती. एकात पात्याला तडा गेल्याचा इशारा आला, ते वाटेत सोडून दिलं. एक धुळीच्या लोटात सापडून परत फिरलं. तिसऱ्याचं हायड्रॉलिक गेलं. उरली पाच, मोहीम रद्द. परत निघताना उडालेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर सी-१३० विमानावर आदळलं आणि आठ जण मेले. शत्रूची एक गोळीही सुटली नव्हती.

आता आपला हिशेब. सहांपैकी एक मोठ्या तपासणीत, एक सुट्या भागाची वाट बघत, एक प्रशिक्षणाला. उरली तीन. आणि अपाचीचं इंजिन किंवा पातं बिघडलं तर महत्त्वाचे भाग अमेरिकेकडेच मागायचे.

म्हणून मला मार्च २०२५ चा प्रचंडचा करार जास्त महत्त्वाचा वाटतो. १५६ हेलिकॉप्टर्स, ६२,७०० कोटी रुपये, त्यातली ९० लष्कराची. बनवणारी एचएएल बंगळुरूची, त्यामुळे झिजलेल्या पात्याचा निरोप सात समुद्रांपलीकडे धाडावा लागत नाही. पण पुरवठा करारानंतर तिसऱ्या वर्षी सुरू होणार आणि पुढची पाच वर्षं चालणार. तोवर तिथली बंद हँगर, पात्यांचा साठा आणि टेप लावणारे हात किती वाढले, हे मी बघत राहणार आहे. नव्या हेलिकॉप्टरला नारळ फोडतानाचा फोटो येईल, या गोष्टींचा येणार नाही.