नकाब आणि वर्गाचे फाटक

हिजाब, नकाब, बुरखा हे शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. निम्मा गोंधळ तिथेच होतो. हिजाबने डोके झाकते, चेहरा उघडा असतो. नकाब चेहरा झाकतो.

चेंबूरच्या एका महाविद्यालयाने या तिन्हींवर, शिवाय टोपी आणि बिल्ल्यांवरही बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी, बिल्ल्यांपुरती बंदी तात्पुरती रोखली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असेही विचारले.

हा फरक मला रास्त वाटतो. मुलीला धडा समजला की नाही, हे शिक्षकाला तिच्या चेहऱ्यावरूनच कळते. नकाब फर्ज आहे का, यावर उलेमांतच मतभेद आहेत. हजच्या इहराममध्ये तर स्त्रीने नकाब बांधू नये, असे हदीस सांगते. आणि तिथली गर्दी काही फक्त बायकांची नसते!

पण नकाब दिसला म्हणून मुलीला फाटकातूनच परत पाठवणे हा निव्वळ आडमुठेपणा. अनेक घरांत बुरख्याच्या अटीवरच मुलीला कॉलेजची परवानगी मिळते. तो काढून ठेवायला एक खोली आणि परीक्षेत ओळख पटवायला एक शिक्षिका, एवढी सोय कोणत्या संस्थेला जड आहे? कुरआन रमजानमध्ये उतरू लागले, आणि पहिला आदेश वाचण्याचा होता. घरच्यांनीही नकाबचा हट्ट धरण्याआधी मुलीला विचारावे, तुला काय हवे?