प्लास्टर, शाळा आणि भरलेली पाण्याची बाटली



मुलाचा पाय मोडला की आपल्याकडे पहिली गदा शाळेवर येते. "दोन महिने घरीच बसू दे, पोरगं काय कलेक्टर व्हायचं थांबतंय?" आमच्याही घरात हेच ठरत होतं. मी आडवी आले. का, ते सांगते.

माझी लेक दौंडला दिलेली, नातू तिसरीत. आजोबांच्या, म्हणजे माझ्या व्याह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होता. पाय लोंबकळत होते. वळणावर टाच मागच्या चाकाच्या तारांत गेली. मागचं चाक निदान अर्धं झाकणारी जाळी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो. तीच आपली साडी गार्ड. ती खडखडते म्हणून काढून माळ्यावर टाकलेली होती. तुमच्याही गाडीची कुठे आहे, जरा बघा.

व्याह्यांनी एक मात्र बरोबर केलं. पाय ओढला नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून तारा कापून घेतल्या, मग पाय मोकळा केला. जखमेवर स्वच्छ पाणी ओतून कोरडं फडकं बांधलं. कुणीतरी हळद घेऊन धावलंच, पण लेकीने लावू दिली नाही. टाचेचं हाड चिरलं होतं. आधी अर्धं प्लास्टर, जखम बघून मग पूर्ण. डॉक्टरांनी बजावलं, चाकात सापडलेल्या पायाची कातडी पहिल्या दिवशी बरी दिसते आणि दोन-तीन दिवसांनी काळी पडू शकते, तेव्हा सांगितलेल्या दिवशी दाखवायला याच. बोटं निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, दुखणं वाढलं, तर रात्र असली तरी निघायचं.

आता त्याला शिरूरला माझ्याकडे आराम करायला पाठवायचं ठरलं. मी म्हटलं, तो यायचा नाही, मी येते. न्हावरा, चौफुला करत दौंड गाठलं. घरात पोरापेक्षा व्याह्यांचीच अवस्था वाईट. जेवेनात. "विहीणबाई, माझ्याच गाडीवर झालं हो." समजावून काय होणार? मी त्यांना काम लावलं : रोज रिक्षाने त्याला शाळेत न्यायचं आणि आणायचं. दाराशी वॉकर उघडून द्यायचा, पण उचलायचं नाही.

दोन दिवसांनी दप्तर आवरताना पाण्याची बाटली हातात आली. सकाळी भरलेली तशीच. विचारलं तर मान खाली. शाळेतल्या संडासात उकिडवं बसता येत नाही, म्हणून पाणीच पीत नव्हता. एवढी वर्षं वर्गावर काढली, पण प्लास्टरमधल्या एकाही पोराची बाटली मी कधी बघितली नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते. शिक्षण हक्क कायद्यात शाळेची इमारत अडथळाविरहित हवी असं लिहिलंय. आपण दाराशी उतार बांधतो आणि सुटतो. संडासाचं काय? व्याह्यांनी प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीची बैठक गोल कापली आणि एक खुर्ची शाळेत, एक घरी ठेवली. बाईंनीही तक्रार न करता जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी आली. शाळेत न्यायचा हट्ट मी का धरला, असं आता कुणी विचारत नाही. घरी तो टीव्हीपुढे बसला असता. शाळेत पाढे झाले, भांडणं झाली आणि प्लास्टरवर सगळ्या वर्गाच्या सह्या झाल्या.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा, कातडीचे पापुद्रे सुटलेले. तो पाय टेकवेना. हाडवैद्याकडून चोळून घ्या, हा सल्ला तिघांनी दिला. आम्ही ऐकला नाही. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे लंगडेल, चालू द्या. खरी परीक्षा मोठ्यांचीच होती. तो हात पसरायचा आणि आम्ही उचलायला धावायचो, मीसुद्धा. शेवटी व्याही संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत त्याच्याबरोबर चालायला लागले, त्याच्याइतकंच हळू. पोराला उशीर होतोय असं वाटू नये, म्हणून वाटेत दोनदा आपणच टेकायचे.

मागच्या रविवारी मी शिरूरला परत निघाले. मला स्टँडवर सोडायला व्याह्यांनी मोटारसायकल काढली. जाळी बसवून घेतली होती. नातू खाली बसला, ती हलवून बघितली आणि म्हणाला, "आबा, हा नट ढिला आहे. आधी पाना आणा."